मामंजींची जोडहोडी

आमच्या होडीचा डावा भाग उजव्यापेक्षा दोन हात लांब होता, कारण ती मुळात एक होडी नव्हतीच. कोयनेवर धरण झालं, नदीचं तळं झालं, आणि नदीवर माणसांना अलीकडे-पलीकडे करणाऱ्या दोन जुन्या होड्या बिनकामाच्या होऊन काठावर पालथ्या पडल्या. एवढ्या रुंद पाण्यात एकेकटी घातली की त्या आडव्या व्हायला बघायच्या. माझ्या सासऱ्यांनी त्या दोन्ही आणल्या, मध्ये चार हात जागा सोडून शेजारी शेजारी ठेवल्या, वरून सागाचे वासे आडवे घालून आवळले आणि वाशांवर आमच्या जुन्या घराच्या माळ्याच्या फळ्या ठोकल्या. जुनं घर तोवर पाण्याखाली गेलं होतं. फळ्या त्यांनी आधीच काढून ठेवल्या होत्या. तसे ते व्यवस्थित माणूस.

लष्करात ते हवालदार होते, नद्यांवर होड्यांचे पूल बांधणाऱ्या पलटणीत. दोन होड्या जोडल्या की त्या एकमेकींना सांभाळतात आणि वर गाडी उभी केली तरी कलंडत नाहीत, हे त्यांनी मोठ्या लढाईत इटलीत पाहिलं होतं. शीडही पाहिलं होतं, पण जहाजाच्या कठड्यावरून, लांबचं. तेवढं त्यांना पुरेसं वाटलं.

शीड आम्ही घरीच शिवलं. लष्करी राहुटीचं खाकी कापड होतं, त्याला सासूबाईंनी आणि मी वाकळेला घालतो तसे टाके घातले. डोलकाठी आणि सुकाणू बसवायला घाट उतरून चिपळूणकडचा एक सुतार आणला होता. तीन दिवसांत त्याचं काम झालं. जाताना त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते. दुसरी, शिडाचा दोर कधी बांधून ठेवायचा नाही, हातात धरायचा. मामंजींनी दोन्ही ऐकून घेतल्या. सुतार डावखुरा होता, त्यामुळे त्याला सगळं उलटं दिसत असणार, असं त्यांचं मत पडलं. दोराचं तर त्यांनी मनावरच घेतलं नाही. ओझ्याचा दोर बांधायचाच असतो, एवढं काय कोकणातल्या माणसानं सांगायचं.

माझं माहेर माण तालुक्यात, म्हसवडजवळ. तिकडचे निम्मे पुरुष मुंबईला, त्यामुळे गाडी बायकाच हाकतात. मी दहाव्या वर्षापासून हाकत होते. पाण्याशी माझा संबंध घागरीएवढा. पोहता येत नव्हतं, अजूनही येत नाही. लग्न होऊन मी कोयनेच्या पश्चिमेच्या काठावर आले आणि वर्षभरात पाणी आलं. गावातल्या बहुतेकांनी सांगली जिल्ह्यात, विट्याच्या पलीकडे, बदली जमीन घेतली आणि ते गेले. सात घरं डोंगरावर वर सरकून राहिली. त्यातलं एक आमचं, कारण मामंजी जाणार नाही म्हणाले. माझे यजमान पलटणीत होते. त्यांचं पत्र यायचं, त्यात एकच वाक्य: बाबा म्हणतील तसं.

सासूबाईंना जायचं होतं. त्यांच्या दोन्ही बहिणी आणि भाऊ तिकडे गेले होते. मलाही जायचं होतं, आणि माझं कारण एकच होतं. मुलगी दीड वर्षाची असताना तिचा कान फुटला. दवाखाना पलीकडच्या, सडकेच्या काठाला. लाँच आठवड्यातून दोनदा यायची, ती त्या आठवड्यात बंद होती. आम्ही डोंगराला वळसा घालून चालत गेलो आणि तिसऱ्या दिवशी पोचलो. मुलगी बरी झाली. उजव्या कानानं तिला ऐकू येत नाही. विट्याच्या पलीकडच्या त्या जमिनीपासून दवाखाना दोन मैलांवर होता, आणि मध्ये पाणी नव्हतं.

हे मी मामंजींपुढे कधी मांडलं नाही. मांडायची रीत नव्हती. आमच्याकडे सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. काही सांगायचं तर ते सासूला उद्देशून सांगायचं. सासरे तिथेच बसून ऐकत असले तरी सासूनं ते पुन्हा सांगायचं, मग सासरे सासूला उत्तर देणार, मग सासू मला. आमटीत मीठ कमी आहे का, एवढं कळायला तीन माणसं लागत. रोजच्या कामाला ही पद्धत चालून जायची. घाई कुठे होती?

त्या वर्षी होळीनंतर निरोप आला की पुनर्वसनाचे साहेब शुक्रवारी पलीकडच्या काठावर येणार आहेत, ही शेवटची यादी, ज्यांना जमीन हवी त्यांनी सही करावी. सासूबाई अंगणात वरी पाखडत होत्या, मामंजी दोर वळत होते.

"आवं, शेवटची यादी हाय म्हनं," सासूबाई म्हणाल्या. "सई करा आन् मोकळं व्हा. बसलाय टेकाडाला धरून घोरपडीवानी."

"माझ्या आज्यानं हितलं पानी पिलंय."

"आज्यानं नदीचं पिलं. नदी ऱ्हायलीय का आता?"

"होडी हाय की. होडी चालली तर काय कमी हाय आपल्याला? गिरन, रॉकेल, दवाखाना, समदं समोर दिसतंय."

"दिसतंय व्हय. चंद्रबी दिसतोय."

मामंजींनी दोर खाली ठेवला. "मग ऐक. बेस्तरवारी न्याहारी करून निघायचं. पल्याड गिरनीवर दळान टाकायचं, रॉकेल घ्यायचं, आन् दिवं लागायच्या आत होडी हितं परत लावायची. लावली, तर आपन हितंच ऱ्हायाचं. न्हाई लावली, तर शुक्रवारी सई."

"आन् मला सांगनार कोन, परत लावली का न्हाई? तुमीच?"

"तर मग तूबी ये."

सासूबाई तशाही आल्याच असत्या. सासरा आणि सून दोघंच पाण्यावर जाणं त्यांना चाललं नसतं. आणि बेत ठरला होता. मामंजी दिलेला शब्द पाळायचे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे माझ्या मुलीच्या आयुष्यात पाणी राहणार की सडक, हे गुरुवारी त्या होडीवर ठरणार होतं.

बुधवारी मामंजींनी एकट्यानं सराव केला. सुकाणूचा दांडा त्यांनी कासऱ्यासारखा धरला आणि उजवीकडे जायचं म्हणून उजवीकडे ओढला. होडी डावीकडे गेली. त्यांनी आणखी जोरात ओढला. होडी आणखी डावीकडे गेली आणि पाण्यात बुडालेल्या आमच्याच आंब्याच्या शेंड्यात जाऊन बसली. हा आंबा पूर्वी घरामागे होता. आता त्याचा वरचा हातभर भाग पाण्याबाहेर होता. मामंजी त्या फांद्यांमध्ये दुपारपर्यंत बसून होते. सासूबाईंनी काठावरून हाक मारली, "कैऱ्या हायत का वं?"

दुपारी वारा पडल्यावर मामंजी वल्ह्यानं ढकलत बाहेर आले आणि जेवताना त्यांनी सासूबाईंना सांगितलं की सुकाणू हे बसून धरायचं हलकं काम आहे, खरी ताकद दोराला लागते; तेव्हा उद्या सुकाणू सूनबाईनं धरावं, दोर ते स्वतः सांभाळतील. सासूबाईंनी मला सांगितलं. मी बरं म्हणाले.

गुरुवारी मुलीला शेजारणीकडे ठेवलं. होडीत वरीची आणि नाचणीची दोन पोती, रॉकेलचा डबा, वल्ही, कोयता, आणि पोत्यांवर सासूबाई. मी मागे, दोन होड्यांच्या मधल्या फळीवर, दांडा धरून. मामंजी डोलकाठीपाशी. सासूबाईंची जागा बरोबर आमच्या दोघांच्या मध्ये होती, जशी घरात असायची.

त्या दिवसांत वारा पश्चिमेकडून यायचा, म्हणजे आमच्या पाठीवर. मामंजींनी शीड वर ओढलं आणि दोर वाशाला बांधला. भाताच्या भाऱ्याला ते घालत तीच गाठ घातली, जी त्यांच्या बापालाही सुटत नसे. होडी निघाली. पहिल्या शंभर पावलांतच मला दोन गोष्टी कळल्या. दांडा उलटाच चालतो, सुतार डावखुरा असो वा नसो. आणि डावी होडी लांब असल्यामुळे सगळं लटांबर एका अंगाला ओढ घेतं, त्यामुळे दांडा सरळ धरून भागत नाही, सारखा थोडा दाबून धरावा लागतो. एका अंगाला ओढणारा बैल माझ्या बापाकडे होता. तोच हिशेब.

"उजवं!" मामंजी ओरडायचे. मी दांडा डावीकडे ढकलायचे आणि होडी उजवीकडे जायची. त्यांचं तोंड पुढे होतं. त्यांना दांडा दिसत नव्हता, होडी हुकमाप्रमाणे चाललेली दिसत होती. ते खूश होते.

मधल्या पाण्यात वारा वाढला. होडीची दोन्ही नाकं पाणी खणायला लागली आणि फळ्या कुरकुरायला लागल्या. समोरचा काठ इतक्या वेगानं मोठा होत होता की गिरणीपाशी बसलेली माणसं उठून उभी राहिली.

"आत्याबाई, दोर सोडा म्हनावं," मी सासूबाईंना म्हणाले.

"आवं, दोर सोडा म्हंती ती."

मामंजी गाठीपाशी आधीच बसले होते. गाठ सुटत नव्हती. त्यांनी दात लावून पाहिले.

"सांगा लवकर, म्हनावं."

"लवकर सोडा म्हंती."

"तिला म्हनावं, तोंडात दोर हाय!" मामंजी दोर तोंडात धरूनच म्हणाले. सासूबाईंनी मागे वळून मला गंभीरपणे सांगितलं, "तोंडात दोर हाय त्यांच्या." मग त्यांनीच कोयता पुढे सरकवला. मामंजींनी दोर तोडला, शीड फडफडलं, आणि होडी चिखलात दहा हात आत जाऊन थांबली. कोणाला लागलं नाही. सासूबाईंनी पोत्यावरून उतरून पदर नीट केला.

गिरणीवाला दळण घेताना म्हणाला, "हवालदार, लय लौकर आला. घरून निघाला तेबी दिसलं आन् आला तेबी."

"मग! होडी हाय ती, काय म्हशीची पाठ हाय का?"

"परत कवा जानार?"

"दळान झालं की."

गिरणीवाल्यानं पाण्याकडे पाहिलं. "वारा पल्याडनं हाय न्हवं."

"मग?"

"काय न्हाई. आपलं म्हनलं."

दळण व्हायला दोन तास लागले, रॉकेलच्या रांगेत आणखी थोडा वेळ. ऊन कलायला लागलं तेव्हा आम्ही पिठाची पोती, डबा आणि सासूबाई परत जागेवर ठेवून होडी चिखलातून ढकलली. दोर आता आखूड झाला होता, त्यामुळे बांधण्याचा प्रश्न नव्हता. मामंजींनी तो हाताला गुंडाळला. घर समोर दिसत होतं, डोंगराच्या अर्ध्यावर, लाल कौलांचं. त्यांनी हात लांब करून घराकडे बोट दाखवलं. "सरळ!"

मी सरळ धरली. शीड दोन्ही बाजूंना फडफडलं आणि होडी मागे मागे जाऊन पुन्हा त्याच चिखलात बसली. पुन्हा ढकलली, पुन्हा सरळ, पुन्हा चिखल. तिसऱ्यांदा गिरणीवाला स्वतः येऊन ढकलून गेला. मामंजींनी वल्ही मारून पाहिली. एवढ्या रुंद जोडहोडीला वाऱ्यासमोर दोन वल्ह्यांनी काय होणार? दहा हात पुढे, आठ हात मागे.

सासूबाई पिठावर बसून शांत होत्या. त्यांचं काम आपोआप होत होतं. माझंही होत होतं. मी नुसतं दांडा धरून बसले असते तरी संध्याकाळ झाली असती, रात्री गिरणीवाल्याच्या पडवीत झोपलो असतो, आणि शुक्रवारी सही. हे मला त्या वेळी स्पष्ट दिसत होतं. पण त्याचबरोबर मुलगी पलीकडे शेजारणीकडे होती, आणि समोर शीड फडफडत होतं, आणि ते मला बघवत नव्हतं. चुकीचा जुंपलेला बैल बघवत नाही तसं.

होडी थोडी वाकडी झाली की फडफड थांबते आणि शीड फुगतं, हे मी दोनदा पाहिलं होतं. घाट चढताना गाडी कोणी सरळ वर नेत नाही. तिरकी नेतात, वळतात, पुन्हा उलटी तिरकी नेतात.

"आत्याबाई," मी म्हणाले, "सरळ न्हाई जायाची. तिरकं जाऊन मग उलटं तिरकं. घाटाला वळनं असत्यात तसं."

सासूबाईंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग पुढे वळून म्हणाल्या, "आवं, ती म्हंती, तिरकं जायाचं. घाटावानी."

"तिरकं?" मामंजी म्हणाले. "दुश्मन म्होरं असला तर जवान तिरका पळतोय व्हय?"

"दुश्मन कुठाय? घर हाय ते आपलं."

मामंजींनी घराकडे पाहिलं. "बघू दे," म्हणाले.

मी दांडा ढकलला. होडी उत्तरेकडे तोंड करून तिरकी झाली, शीड भरलं, मामंजींच्या हातातला दोर ताठ झाला आणि आम्ही निघालो. घराकडे नाही, पण चिखलाकडेही नाही. पाणी दोन्ही होड्यांच्या मधून सरळ रेषेत वाहत होतं. पाव मैल गेल्यावर वळायची वेळ आली.

वळताना तीन कामं एकाच वेळी करायची होती. मी दांडा पूर्ण ढकलायचा, मामंजींनी दोर सोडायचा, नाक वाऱ्यातून पलीकडे गेलं की पुन्हा ओढायचा. आमच्याकडे ही कामं अशी झाली: मी सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी खोकून घसा साफ केला. मग म्हणाल्या, "ऐकलं का, आता वळायचं म्हंती. दोर सोडा. मी सांगत न्हाई, ती सांगती." तोवर होडीनं अर्धं वळण घेतलं होतं आणि नाक बरोबर वाऱ्यात अडकून ती उभी राहिली होती. शीड डोक्यावर फटाफट वाजत होतं, आणि आम्ही पाठीमागे सरकत होतो.

मामंजींना राग आला. चढाला अडकलेल्या गाडीला माणूस खांदा लावतो, तसा त्यांनी शिडाच्या खालच्या बांबूला दोन्ही हातांनी खांदा लावला आणि तो वाऱ्याच्या विरुद्ध बाहेर ढकलला. याचा काही उपयोग होईल असं त्यांनाही वाटत नसावं. पण वाऱ्यानं शिडाला उलट्या बाजूनं धक्का दिला, नाक हळूहळू फिरलं, आणि होडी पलीकडच्या अंगाला वळली.

"बघा," सासूबाई म्हणाल्या, "शीड आपल्याच मानसाला भितंय."

दुसऱ्या वळणाला मी लवकर सांगितलं. मांडवात उखाणा घ्यावा तेवढा वेळ सासूबाईंना लागतो, असं धरून. वळण जमलं. घर थोडं मोठं दिसायला लागलं. तिसरंही जमलं, फक्त सासूबाईंनी मध्ये स्वतःची भर घातली, "आन् जरा हळू सोडा, मागल्या येळंला माझ्या डोस्क्यावरनं गेलं ते." चौथ्या वळणाला आम्ही बुडालेल्या आंबराईच्या बाजूला आलो. आठ-दहा झाडांचे शेंडे पाण्याबाहेर होते, आणि पाण्याखाली किती होते ते कोणाला माहीत. वारा वाढला होता. सूर्य डोंगराच्या धारेवर यायला अजून हातभर होता. चार-पाच वळणांत आम्ही घरी लागलो असतो.

"आत्याबाई, आता," मी म्हणाले.

सासूबाई काही बोलल्या नाहीत.

मला वाटलं वाऱ्यात ऐकू गेलं नाही. "आत्याबाई, वळायचंय. दोर."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. त्यांचे हात पिठाच्या पोत्यावर एकावर एक ठेवलेले होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांना नीट ऐकू गेलं होतं. त्या फक्त सांगणार नव्हत्या. शेंड्यांमध्ये अडकलो तर वारा पडेपर्यंत तिथेच, म्हणजे अंधार होईपर्यंत. कोणाचं काही बिघडणार नव्हतं. मामंजी कालच अशाच एका शेंड्यात अर्धा दिवस बसून आले होते.

मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिला शेंडा वीस हातांवर होता. माझा पदर केव्हाच डोक्यावरून उडून कमरेला खोचला गेला होता, कारण दांड्याला दोन्ही हात लागत होते.

"मामंजी!" मी ओरडले. "दोर सोडा!"

ते वळले नाहीत. पण पंचवीस वर्षं पलटणीत काढलेल्या माणसाच्या हातांना हुकूम कळतो. दोर सुटला. मी दांडा अंगानं ढकलला. उजव्या होडीची कूस एका फांदीला खरवडत गेली, नाक फिरलं.

"ओढा!"

"ओढला!" मामंजी म्हणाले.

त्यानंतर सासूबाईंच्या डोक्यावरून हुकूम सुरू झाले. मी म्हणायचे सोडा, ते म्हणायचे सोडला. मी म्हणायचे ओढा, ते म्हणायचे ओढला. काम करून लगेच कळवायची त्यांना सवय होती. सासूबाई मध्ये बसून समोर पाहत होत्या. आणखी पाच वळणं झाली आणि एकही अडकलं नाही. होडी काठाला लागली तेव्हा ऊन डोंगराआड गेलं होतं, पण उजेड होता. शेजारीण कंदिलाची काच पुसत बसली होती आणि मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती. दिवे लागले नव्हते.

"जिकलात," सासूबाई उतरता उतरता म्हणाल्या. "ऱ्हावा आता."

मामंजी दोराचं वेटोळं करत होते.

चुलीपाशी सासूबाईंनी मला गाठलं. "मी गप बसले हुते. तुला कळलं न्हाई?"

"कळलं."

"मंग?"

"पीठ भिजलं आसतं."

"पीठ!" त्या म्हणाल्या. "पोरीचा कान इसरलीस?"

विसरले नव्हते. होडीवर असताना होडी नीट चालवण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही, हे त्यांना सांगून पटलं नसतं, मलाही धड पटत नव्हतं. मी नवं पीठ परातीत घेतलं आणि भाकरी करायला बसले. वरीचं पीठ जरा जाडसर आलं होतं.

शुक्रवारी सकाळी मामंजींनी दाढी केली, कोट घातला आणि मी भांडी घासत होते तिथे येऊन उभे राहिले. सासूबाई गोठ्यात होत्या.

"सूनबाई," ते म्हणाले, "होडी काढ. साहेबाकडं जायाचंय."

होडीवरचे हुकूम सोडले तर लग्नानंतर पाच वर्षांत ते माझ्याशी थेट बोलले ते हे पहिलं. मी हात धुतले. सासूबाई गोठ्यातून धावत आल्या आणि काही न विचारता होडीत येऊन बसल्या.

साहेब गिरणीशेजारी टेबल टाकून बसले होते. मामंजींना पाहून म्हणाले, "हवालदार, तुम्ही तर राहणार म्हणत होता. नाव खोडायचं का?"

"न्हाई. घाला. सई कुठं करू?"

"राहायचं जमत नाही?"

"मला वळनं घेता येत न्हाईत," मामंजी म्हणाले.

साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी बोट ठेवून जागा दाखवली. मामंजींनी सही केली, सावकाश, पूर्ण नाव, पुढे हुद्दा. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. इतके दिवस त्यांना हेच हवं होतं, पण त्या म्हणाल्या, "आवं, जिकला हुता की तुमी. दिवं कुठं लागलं हुतं?"

"म्या काय केलं? दोर धरला. दोर खुंटीबी धरतीया." टाक खाली ठेवून ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कवा वळायचं ते हिला कळतंय. उद्या पोरानं हिला क्वार्टरवर नेलं, म्हंजी आपन दोघं हितं ऱ्हायाचं कशाच्या जिवावर? आन् नेऊ नको म्हनायचं, का तर होडी चालवाय पायजे म्हनून? नातीचा एक कान गेलाच हाय."

माझ्या मनातलं सगळं त्यांना माहीत होतं. कोणी सांगितलं नव्हतं, तरी.

सामान हलवायला सहा खेपा लागल्या. जाताना भरलेली होडी, वारा पाठीवर. येताना रिकामी, वळणं घेत. सासूबाई दुसऱ्या खेपेपासून यायच्या बंद झाल्या. आता काही सांगायला मध्ये माणूस लागत नाही, म्हणाल्या, आणि फडक्यांच्या गाठी मारत बसल्या. होडी आम्ही मागे राहिलेल्या सहा घरांना देऊन टाकणार होतो. त्यांच्यातल्या एकाला मामंजींनी बसवून दांडा उलटा चालतो हे समजावलं. त्याला ते पटलं नाही. त्याला वाटलं, हवालदारांचं लष्करात काहीतरी वेगळं असेल.

शेवटची खेप म्हशीची. त्या सकाळी वारा फिरून पूर्वेचा झाला होता, म्हणजे जाताना समोर. म्हैस फळ्यांवर मधोमध उभी केली, चारी पाय रुंद ठेवून. होडीवर पोहता येणारी ती एकटीच होती आणि सगळ्यात जास्त भेदरलेलीही तीच. सासूबाई मुलीला घेऊन पहिल्याच लाँचनं पलीकडे गेल्या होत्या. मामंजी पुढे दोर धरून, मी मागे. म्हशीच्या पाठीवरून मला त्यांचा फक्त फेटा दिसत होता.

दोन वळणं माझ्या सांगण्यावर झाली. तिसऱ्याला मी तोंड उघडायच्या आत फेटा हलला. ते शिडाच्या कडेकडे, मग पाण्याकडे, मग पुन्हा शिडाकडे बघत होते.

"आता," ते म्हणाले. "वळव."

माझ्या मते अजून दहा-बारा हात जायला हवं होतं. मी दांडा ढकलला. नाक वाऱ्यात जरा घुटमळलं, म्हशीनं एक पाय उचलून पुन्हा ठेवला, आणि होडी वळली.

"वळली," मी कळवलं.

"ओढला," मामंजी म्हणाले.